बाहेरची लाइन बंद आहे

लेक : चार दिवस, बाबा! चार दिवस घरचं नेट बंद आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही?

बाबा : अगं, आधी बस तरी. दारातूनच पंचनामा सुरू केलास.

लेक : सहा तास बसमध्ये बसूनच आले. आता बसवत नाही. तुम्ही पडला नाहीत ना? पाय बघू.

बाबा : दोन्ही आहेत. मोजून घे.

लेक : चेष्टा नकोय. रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी या हॉलमधल्या कॅमेऱ्याने मला शेवटचं चित्र पाठवलं. त्यात तुम्ही स्टुलावर चढलेले. हातात पक्कड. त्यानंतर सगळा अंधार. चार फोन केले, एकही उचलला नाहीत. संध्याकाळी उचललात आणि म्हणालात, 'मी बरा आहे, मी बरा आहे.' आणि ठेवून दिलात.

बाबा : बरा होतो म्हणून बरा म्हटलं.

लेक : दोनदा म्हटलंत. बरा माणूस एकदाच म्हणतो. सोमवारी तेच, मंगळवारी तेच. आणि काल तर दिवसभर फोन लागलाच नाही.

बाबा : चार्जिंगला लावायचा राहिला. त्यासाठी तू सुट्टी टाकून आलीस? ऑफिसच्या एकशे बारा शाखांचं संगणकांचं जाळं एका खुर्चीत बसून सांभाळणारी बाई, आणि बापाच्या घरातला दिवा बघायला बसने यावं लागलं.

लेक : तेच तर. शाखेतला दिवा मला खुर्चीतून दिसतो. तुमचा दिसेना. सरका, राउटर कुठाय? हां, हा. बघा, हा दिवा लाल. म्हणजे वॅन गेलं.

बाबा : कोण गेलं?

लेक : वॅन हो. वाइड एरिया नेटवर्क. थांबा, सोपं करून सांगते. या घरातल्या घरात जी यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत, तुमचा लॅपटॉप, हा कॅमेरा, तो प्रिंटर, ती सगळी मिळून झालं लॅन. लोकल. घरचा कारभार. आणि हे घर बाहेर कंपनीला, कंपनी दुसऱ्या शहराला, ते शहर जगाला, असं लांबवर जे जोडलं जातं ते वॅन. राउटर या दोघांच्या मधे, उंबऱ्यावर बसतो. आलेलं पाकीट घरातच द्यायचं की बाहेर धाडायचं, ते पत्ता वाचून ठरवतो.

बाबा : पाकीट?

लेक : तुम्ही काहीही पाठवा, फोटो पाठवा, पत्र पाठवा, त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता. पलीकडे गेल्यावर क्रमाने जोडून घेतात.

बाबा : आणि एखादं वाटेत हरवलं तर?

लेक : तर पलीकडून पोच येत नाही. पोच नाही आली की तेवढं पाकीट पुन्हा पाठवतात.

बाबा : कोणी अर्ज न करता? भले. आमच्या टेलिफोन खात्यात असं म्हणाला असता कोणी, तर त्याची बदली झाली असती.

लेक : कळतंय ना पण?

बाबा : कळतंय, हळूहळू. आमच्या वेळी साहेबाच्या खोलीत इंटरकॉम असायचा. बटण दाबलं की बाहेर शिपायाच्या टेबलावर खणखणायचं. आणि परगावी बोलायचं तर ट्रंक लाइन. ट्रंक बंद पडली तरी साहेबाचा चहा काही थांबायचा नाही.

लेक : अगदी बरोबर! इंटरकॉम म्हणजे लॅन, ट्रंक म्हणजे वॅन. बघा, चौतीस वर्षं लाइनमन होतात, ते काही वाया गेलं नाही.

बाबा : तू म्हणतेस तर नसेल गेलं.

लेक : खरं तर हे दुरुस्त करण्यात अर्थच नाही. पंधरा दिवसांत तुम्ही माझ्याकडे येणार. तुमची खोली रंगवून झालीय. या घराला भाडेकरूही बघून ठेवलाय, शांत माणूस आहे, दात बसवणारा डॉक्टर. पहिल्या तारखेला येईल.

बाबा : चहा टाकू का?

लेक : नंतर. कंपनीला विचारलं मी. ते म्हणतात खांबापर्यंत सगळं ठीक आहे, फॉल्ट घरात असेल. घरात असायला काय आहे, एक लॅपटॉप आणि एक... बाबा, तुमचा लॅपटॉप बंद आहे ना?

बाबा : झाकलाय.

लेक : मग हा चौथा दिवा कोणासाठी लुकलुकतोय?

बाबा : असेल सवय.

लेक : दिव्यांना सवय नसते. इथे एक वायर जास्त आहे. करड्या रंगाची. ही मी लावलेली नाही. कपाटामागून गेलीय. कुठे जाते ही?

बाबा : जुनी असेल. घर जुनं आहे. भिंतीत किती वायरी मेल्यात, देवालाच माहीत.

लेक : मेलेल्या वायरीचा दिवा पेटत नाही. थांबा, माझं मशीन जोडते आणि राउटरलाच विचारते घरात कोण कोण आहे ते. प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो, पत्त्यासारखा. दोन नंबर कॅमेरा. तीन प्रिंटर. पाच नंबर, 'हत्ती'. हत्ती कोण?

बाबा : माझा लॅपटॉप. त्याने नाव विचारलं, मी दिलं. सरळ चालतो म्हणून.

लेक : आणि सात नंबर? सात नंबरला 'उंट' आहे. बाबा, या घरात उंट कोण आहे?

बाबा : मी म्हणतो, प्रवासातून आलीस, हातपाय धू...

लेक : कोणीतरी परका माणूस तुमच्या जाळ्यात शिरलाय आणि तुम्ही हातपाय काय धुवायला सांगताय! आत्ता काढते वायर.

बाबा : नको, नको! अगं, दोन मिनिटं थांब, चाल माझी...

लेक : काढली. बघा, गेला दिवा. आता उंट कोण ते आपोआप कळेल. माझं ऑफिसातलं सूत्र आहे हे. कोणाचं कनेक्शन आहे ते कळेना झालं की खुशाल उपटायचं. पाच मिनिटांत तो माणूस ओरडत येतो.

बाबा : पाच नाही लागायची.

लेक : का?

शेजारीण : लाइनमन! हा शुद्ध रडीचा डाव आहे! वजीर जाणार दिसल्यावर वायर उपटायची? सव्वीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते मी, नाना तऱ्हेचे पळपुटे पाहिले, पण... अगंबाई. पाहुणे आहेत.

लेक : मी पाहुणी नाही. मी यांची मुलगी.

शेजारीण : हो, हो, ओळखलं. भिंतीवरच्या फोटोत चष्मा नाही, म्हणून पटकन लक्षात आलं नाही.

लेक : आणि तुम्ही उंट.

शेजारीण : काय म्हणालात?

बाबा : बाई, बसा. पोरी, या शेजारच्या घरात राहतात. पूर्वी तिथे कुलूप असायचं बघ. दोन वर्षं झाली यांना येऊन. आम्ही बुद्धिबळ खेळतो. त्या त्यांच्या टेबलावरून, मी माझ्या टेबलावरून. त्यांनी त्यांच्या यंत्राला उंट नाव दिलं, कारण त्या तिरप्या चालतात.

शेजारीण : मी तिरपी चालत नाही. हे सरळ चालतात आणि भिंतीवर आदळतात, म्हणून त्यांना तसं वाटतं.

लेक : म्हणजे ही वायर तुमच्या घरात जाते?

शेजारीण : न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर, मधल्या मोकळ्या जागेतून आडवी, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. अठरा मीटर. यांनी स्वतः ओढली. टोकांना जोडही स्वतः मारले. आठ बारीक तारा, प्रत्येकीचा रंग वेगळा, क्रम चुकला तर सगळं फुकट. चष्मा न लावता एका दमात लावल्या.

लेक : बाबा, तुम्हाला लॅन माहीत होतं?

बाबा : थोडंफार.

लेक : मी मघापासून घसा कोरडा करून पाकिटं समजावतेय तुम्हाला!

बाबा : छान समजावत होतीस. मधेच तोडावंसं वाटलं नाही. इतका वेळ सलग तू माझ्याशी बोललीस कधी शेवटची?

लेक : पण समोरासमोर दारं आहेत तुमची. चार पावलांवर. उठून जायचं आणि पट मांडायचा. वायर कशाला?

बाबा : दारातून गेलं की तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कळतं. 'आज किती वेळ होते, काल किती वेळ होते.' या इमारतीत बातमीला वायर लागत नाही. वायरमधून गेलं की कोणी बघत नाही.

शेजारीण : हे यांचं म्हणणं. माझं तसं काही नाही. जिन्यातल्या लोकांची मला फिकीर नव्हती. मला अडचण होती ती फक्त त्या कॅमेऱ्याची. तो आमच्या ओळखीच्या आधीपासून त्या कोपऱ्यात बसलाय. मी इथे येऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि कोणीतरी परगावी ते बघणार, हे मला नको होतं. चोरी नव्हती हो, पण साक्षीदारासमोर चहा जात नाही घशाखाली. म्हणून बरं झालं तुम्ही आलात. समक्ष आभार मानायचेच होते तुमचे.

लेक : माझे? कशाबद्दल?

शेजारीण : कॅमेरा बंद ठेवायला तुम्ही लगेच संमती दिलीत, त्याबद्दल. हे म्हणाले, 'लेकीला विचारलं, ती म्हणाली, बाबा, खुशाल बंद करा.' मला इतकं बरं वाटलं! गेले चार दिवस सकाळचा डाव वायरवर आणि दुपारचा चहा इथे.

(राउटरवरचा लाल दिवा तेवढा जळतो आहे.)

लेक : चार दिवस.

शेजारीण : रविवारपासून.

लेक : रविवारी बारा वाजून दहा मिनिटांपासून. बाबा, स्टुलावर चढून काय करत होतात तुम्ही?

बाबा : दारावर ती डबी आहे ना, बाहेरची लाइन घरात येते ती...

लेक : ती उपटलीत.

बाबा : उपटली नाही. व्यवस्थित सोडवून ठेवली. टोकाला टोपी घालून. धूळ जाऊ नये म्हणून.

लेक : नुसता कॅमेराच का नाही बंद केलात?

बाबा : नुसता कॅमेरा बंद केला असता तर तुझ्या फोनवर लगेच वाजलं असतं. बाकी सगळं चालू आणि कॅमेराच बंद, म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलं. तू विचारलं असतंस. पण लाइनच गेली की माणूस कंपनीला शिव्या देतो, घरच्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. चौतीस वर्षं मीच तर लोकांना सांगत आलोय, 'बाहेरची लाइन बंद आहे, काम चालू आहे.' एकाने उलटून विचारलं नाही कधी.

लेक : आणि तुमचं काही अडलं नाही.

बाबा : आमचं सगळं अठरा मीटरच्या आत असतं गं. बाहेर जाणारं एकच होतं घरात. माझं चित्र.

शेजारीण : थांबा. मला नीट नोंद घेऊ द्या. तुम्ही हिला विचारलं नव्हतंत?

बाबा : विचारणार होतो.

शेजारीण : हा प्रश्नाचा जबाब नाही. विचारलं होतंत की नाही?

बाबा : नाही.

शेजारीण : आणि मला सांगितलंत, विचारलं म्हणून.

बाबा : हो.

लेक : बाबा, बसमध्ये सहा तास मी ते एकच चित्र बघत होते. मोठं करून करून. स्टुलावर तुमचे पाय. टाचा उचललेल्या. वाटत होतं, पुढच्याच क्षणाला हे पडले असणार. मग वाटायचं, पण संध्याकाळी बोलले की. मग वाटायचं, पडूनच बोलले असतील, मला घाबरवायला नको म्हणून. जमिनीवर पडल्या पडल्या 'मी बरा आहे' म्हणतील असे आहेत ते. दादाला कोणत्या शब्दांत सांगायचं, त्याचीसुद्धा मी तयारी केली होती. वाक्य तयार होतं माझं. आणि तुम्ही इथे चहा पीत होतात.

बाबा : चुकलं.

लेक : एवढंच?

बाबा : एवढंच आहे माझ्याकडे. चुकलं.

शेजारीण : मी निघते.

बाबा : बाई, ऐका जरा...

शेजारीण : नाही, ऐकलं सगळं. लाइनमन, या वयात मी कोणाच्या घरी चोरून जाणार नाही. चार दिवस मी त्या खुर्चीत उजळ माथ्याने बसले, असं मला वाटत होतं. तुम्ही मला आरोपी करून ठेवलंत आणि मला त्याची समज देखील दिली नाहीत. जमलं तर संध्याकाळपर्यंत माझ्या खिडकीतली वायर काढून न्या. आणि मुली, तुला त्रास झाला, त्यात माझाही नकळत हात आहे. माफ कर.

लेक : तुम्ही कशाला...

शेजारीण : येते.

बाबा : गेल्या.

लेक : जाणारच. दोघींशी खोटं बोललात. निदान दोघींना ठरवून एकच खोटं सांगायचं.

बाबा : तेही जमलं नाही. सवय नाही.

लेक : किती दिवस चाललंय हे?

बाबा : वायर गेल्या वर्षी ओढली. त्याआधी जिन्यात बोलायचो. त्या वर जाताना, मी खाली येताना. एकदा दोघंही वरच जात होतो, तरी बोलणं संपेना, म्हणून पुन्हा खाली उतरलो.

लेक : आई जाऊन तीन वर्षं झाली.

बाबा : हो. तेवढा हिशेब माझ्याकडेही आहे.

लेक : तसं नव्हतं म्हणायचं मला. म्हणजे, तसंच होतं थोडंसं. मला सांगितलं का नाहीत?

बाबा : कधी सांगू? तू रोज फोन करतेस, न चुकता. गोळी घेतली का? गॅस बंद केला का? दार लावलं का? हो, हो, हो. तीन हो झाले की तू म्हणतेस, 'चला, ठेवते.' त्या तीन होंच्या मधे शेजारीण कुठे बसवू मी?

लेक : मला काळजी वाटते म्हणून विचारते.

बाबा : ते कळतं. कॅमेराही काळजीनेच लावलास. पहिले सहा महिने मी त्याच्याकडे बघून गुड मॉर्निंग म्हणायचो. मग तूच म्हणालीस की आवाज येत नाही, नुसतं चित्र येतं. त्यानंतर नीट भांग पाडून बसायला लागलो, एवढंच.

लेक : आणि माझ्याकडे राहायला यायचं? मी विचारलं तेव्हा तुम्ही 'बघू' म्हणालात. मी खोली रंगवली!

बाबा : माझं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं. तुझी आई असती तर तिने तुला सांगितलं असतं.

लेक : तुम्ही नाही का सांगायचं?

बाबा : रंग कोणता दिलास, असं विचारलं मी. तू इतकी खुशीत सांगत होतीस. फिकट निळा. मग कसं सांगणार?

लेक : तिथे सगळं असेल तुमच्यासाठी. मी असेन, जावई असतील.

बाबा : असाल. तू पलीकडच्या खोलीत एकशे बारा शाखांकडे बघत. जावई अलीकडच्या खोलीत. गेल्या खेपेला आठ दिवस होतो मी, बघितलं ना. तुम्ही एकमेकांशी बोलता कधी?

लेक : बोलतो की. ते मला निरोप पाठवतात, 'जेवायचं का?' मी पाठवते, 'दहा मिनिटांत.'

बाबा : मधे वायर आहे?

लेक : वायर कसली! तो निरोप घरातून निघतो, समुद्राखालून कुठल्या तरी परक्या देशातल्या यंत्राकडे जातो आणि तिथून वळून परत आमच्याच घरात येतो.

बाबा : भिंतीपलीकडे जायला?

लेक : सेकंदसुद्धा लागत नाही, बाबा.

बाबा : वेळेचं नाही विचारलं मी. जेवण गार होत नाही का, ते विचारलं.

लेक : होतं. बरेचदा होतं.

बाबा : मग.

लेक : बोलू नका माझ्याशी. मला हसू येतंय आणि मला अजून रागवायचंय.

बाबा : रागव, रागव. मी आहे इथेच.

लेक : स्टूल कुठाय? द्या इकडे. तुम्ही चढायचं नाही, मी चढते. तो कॅमेरा काढते. हा घ्या. धरा.

बाबा : फेकू नकोस. चांगला आहे. घेऊन जा आणि तुझ्या स्वयंपाकघरात लाव. मलाही दिसू दे पोरगी वेळेवर जेवते की नाही.

लेक : काहीतरीच काय!

बाबा : बघ, कसं वाटतं.

लेक : नेते. पण लावणार नाही. आणि भाडेकरूला आज कळवते, घर रिकामं होत नाही म्हणून. दुसरीकडे बघेल तो. दादाला मात्र तुम्ही सांगायचं, मी नाही.

बाबा : सांगेन. तो तसा सोपा आहे. त्याला फक्त गोळीचंच विचारायचं असतं.

लेक : आता ते उंटाचं बघू. ही घ्या तुमची करडी वायर, लावली परत. उघडा लॅपटॉप. खेळात निरोप लिहायला जागा असेल ना खाली?

बाबा : आहे. त्या तिथे 'शह' लिहून पुढे उद्गारचिन्ह देतात.

लेक : मग लिहा. 'माझं चुकलं, माफ करा.'

बाबा : 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' लिहू का?

लेक : तो खात्याचा फलक झाला. साधं लिहा.

बाबा : 'चु' उमटला. पुढे 'क' कुठाय? हां. 'चुकलं.' पाठवलं. जात नाहीये.

लेक : कसं जात नाही? लॅन चालू आहे, वायर लावलीय, मी स्वतः...

बाबा : दिव्याकडे बघ. चौथा.

लेक : पेटला नाही. वायर सैल बसली का? नाही, घट्ट आहे. मग?

बाबा : आपल्या बाजूचं सगळं ठीक आहे. त्यांनी तिकडचं टोक काढलंय.

लेक : आता?

बाबा : आता काही नाही. असं झालं की एकच उपाय असतो. माझी चप्पल कुठे गेली?

लेक : बाबा, जिन्यात मंडळी बसलीत भाजी निवडत. मी येताना बघितलं. चौघीजणी आहेत.

बाबा : असू देत. पक्कड राहू दे, तिचं काम नाही. तू चहाचं आधण ठेव.

लेक : काय सांगणार आहात त्यांना?

बाबा : जाईपर्यंत सुचेल. चार पावलं आहेत.

लेक : दार उघडं ठेवते मी.

शेजारीण : कोण आहे?

बाबा : लाइनमन.

शेजारीण : मी तक्रार नोंदवलेली नाही.

बाबा : नोंदवली असतीत तर खात्याने माणूस पाठवला असता. मी आपला आलोय.

शेजारीण : मोठ्याने बोलताय. जिन्यात लोक आहेत.

बाबा : आहेत. बघतायत. बाई, मी खोटं बोललो. तुमच्याशीही आणि तिच्याशीही. तिच्यासमोर बोलायची भीती वाटत होती, म्हणून वायरीमागे लपलो. आता तिला सगळं माहीत आहे. आता या जिन्यातल्यांनाही झालं.

शेजारीण : पाय पुसून आत या. फरशी आत्ताच पुसलीय.